मिरगाची पाखरं

शहागडच्या पुलाचा कठडा दुपारच्या साडेचारलाही हाताला चटका देतो. मागून धुळे-सोलापूर महामार्गाचे ट्रक जातात, तेव्हा पूल पायाखाली थरथरतो. खाली गोदावरी. पात्र रुंद आहे, पण पाणी डोहाडोहांनीच उरलंय. मध्ये नुसती वाळू, काळे दगड आणि वेड्या बाभळीची बेटं. अलीकडचा काठ अंबड तालुक्यातला, म्हणजे जालना जिल्ह्याचा. पलीकडचा गेवराईचा, बीड जिल्ह्यातला.

मी पायवाटेनं खाली उतरतो. काल मिरगाचा पहिला पाऊस झालाय. जमिनीची वरची चार बोटं भिजली एवढाच, पण मातीचा वास अजून गेलेला नाही. मे महिन्यात इकडं पारा 42 च्या वर चढतो. आज तो चार-पाच अंशांनी उतरलेला असेल, तरी अंगावरचा घाम वाळत नाही. वारा पूर्ण पडलाय. बाभळीचं पानही हलत नाही.

वाटेत ओल्या मातीवर लाल मखमलीचा ठिपका चालताना दिसतो. मिरगाचा किडा. दोन पोरं गुडघ्यांवर बसून तो काडेपेटीत घ्यायच्या खटपटीत आहेत. किडा पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. पोरं श्वास धरून थांबतात. तो पुन्हा चालायला लागतो आणि ती खुदकन हसतात. वर्षातून आठ-पंधरा दिवसच हा किडा वर दिसतो. एरवी कुठं असतो, हे त्या पोरांच्या वयात मलाही कोडंच होतं. तो तिथंच असतो, मातीत, आपल्या पायांखाली.

पुढं वाळूत खड्डे लागतात. एकेक खड्डा पुरुषभर खोल, कडा उभ्या कापलेल्या. तळाशी हिरवं पाणी साचलंय. टायरांच्या खुणा कालच्या पावसानंही पुसलेल्या नाहीत. मी कडेकडेनं जातो.

डोह पुलाच्या वरच्या अंगाला आहे. काठावर सात जण बसलेत, दोघांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर राखून. जो आधी आला त्याची जागा, आणि शेजाऱ्याच्या दोरीवर आपली दोरी टाकायची नाही. मागं बाभळीच्या विरळ सावलीत चार पोरं काठ्या घेऊन नंबर लागायची वाट बघतात. कोणी मोठ्यानं बोलत नाही. एकानं मोबाईलवर गाणं लावलं होतं, ते शेजाऱ्यानं हातानंच खुणावून बंद करायला लावलं.

सगळ्यात वरच्या टोकाला, जिथं बारीक धार डोहात येऊन मिळते, तिथं एक म्हातारा बसलाय. सगळे त्याला तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भोयाच्या घरातला. वडील जाळं टाकायचे, आजा टाकायचा. तात्यांचं जाळं आता मुलाकडं आहे, ते स्वतः गळावर बसतात. शेजारी वेळूची काठी, तिला गुंडाळलेली तंगूस, ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाचा बोटाएवढा तुकडा, तंबाखूच्या डबीत चार-पाच गळ. पत्र्याच्या डब्यात ओल्या मातीत गांडुळं.

पण काठी जमिनीवरच आहे. बाकी सहाजणांचे गळ पाण्यात आहेत, तात्यांचा नाही.

“टाकत नाही का, तात्या?”

“आत्ता कशाला? उन्हात मासा तळाला बसतो. पाखरं निघू द्या.”

आम्ही वाट बघत बसतो. एक पोरगं वरच्या हॉटेलातून कॅरीबॅगमध्ये चहा आणतं. गाठ सोडून तो छोट्या कागदी कपांत ओततं, सगळ्या काठाला घोट घोट वाटतं. चहा गोडमिट्ट आणि उन्हापेक्षा गरम. सहाजणांची सहा भेंडं पाण्यावर निश्चल आहेत. एकावर टाचणी येऊन बसते, बारीक निळी सुई. भेंड हलत नाही, टाचणीही हलत नाही.

“बसून कंटाळाल,” तात्या म्हणतात. “तवर त्यो दगड पलटी करून बघा. धारंतला.”

मी चपला काढून धारेत उतरतो. घोटाभर पाणी, कोमट. ओंजळीएवढा चपटा काळा दगड उचलून उलटा करतो. आधी नुसता चिकचिकीत ओलावा दिसतो. मग डोळा सरावतो आणि दगडाचं खालचं अंग जिवंत होतं.

नखाएवढे चपटे किडे दगडाला असे चिकटलेत, जणू कोणी रंगानं काढलेत. डोकं रुंद, शेपटीला केसासारखे तीन धागे. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारख्या बारीक झालरी, आणि त्या सारख्या थरथरतात. ते त्यांचे कल्ले. शेजारी वाळूच्या कणांची एक नळी, तांदळाच्या दाण्याएवढी. मी ती बोटानं ढोसतो. नळीच्या तोंडातून एक काळं डोकं बाहेर येतं आणि लगेच आत जातं. आतल्या अळीनं वाळूचा एकेक कण स्वतःच्या रेशमानं चिकटवून हे घर बांधलंय. सगळे कण जवळजवळ सारख्या आकाराचे. एवढ्या नदीतून हे नेमके कण तिनं निवडून घेतलेत.

तीन धाग्यांच्या किड्याला इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात. त्याचं बालपण पाण्याखाली जातं, जातीप्रमाणे काही आठवडे ते एक-दोन वर्षं. मग एका संध्याकाळी तो पृष्ठभागावर येतो, पाठीवरची कात फाटते, पंख उघडतात आणि तो उडतो. काठावरच्या झुडपावर बसून पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा सगळ्या कीटकांत हा एकटाच. या अवस्थेत त्याला खाता येत नाही, तोंड नावापुरतंच असतं. जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी टाकायची, संपलं. काही तास, फार तर एक-दोन दिवस.

“बघितलं?” तात्या विचारतात. “आता जसा हुता तसा ठिवा. खालचं अंग खालीच.”

मी दगड ठेवतो. तात्या मान वाकडी करून बघतात आणि बोटानं खूण करतात. थोडा डावीकडं. मी सरकवतो. आता बसला.

सूर्य वरच्या अंगाला, पैठणच्या दिशेनं उतरतोय. तिथं 1976 पासून जायकवाडीचं धरण उभं आहे. त्याचे 27 दरवाजे उघडले की इथं नदी दोन्ही थड्या भरून वाहते. एरवी पाण्याचा मोठा वाटा कालव्यानं जातो. डावा कालवा 208 किलोमीटरचा, अंबड, घनसावंगी, परतूर ओलांडून पुढं परभणीकडं. कालव्यावर ऊस उभा राहिला, हे खरंच आहे. नदीकाठी उन्हाळ्यात असे डोह राहतात, हेही. वर्षाकाठी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. त्यामुळे मिरगाचा पहिला थेंब सगळ्यांच्याच हिशेबात असतो, दगडाखालच्या किड्याच्यासुद्धा.

सहा वाजून गेल्यावर पहिली हालचाल होते. डोहाच्या कडेला, गाळाच्या बाजूला, हवेत एक धुरकट खांब उभा राहतो. मुरकुटं. हजारो, एकाच जागी वरखाली नाचणारी. कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते. ही डास नव्हेत, चावत नाहीत. यांच्या अळ्या डोहाच्या गाळात राहतात आणि रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात खरोखरच रक्तातलं हिमोग्लोबिन असतं. उन्हाळ्यात गाळात प्राणवायू संपत येतो. त्या लाल रंगाच्या बळावर त्या तग धरतात.

खांबातलं एखादं मुरकूट खाली पाण्याला टेकतं. तिथं एक टिचकी वाजते. बारीक, ओठांनी काढल्यासारखी. एक वर्तुळ उमटतं आणि पसरत जातं.

तात्यांची मान वर येते. पण काठी नाही.

“ही बारकी पोरं हायत. थांबा.”

पलीकडच्या बांधावर कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसतात. एक, दोन, मग सात. तेही वाट बघतात. पाकोळ्या खाली उतरून पाण्याला घासत जातात. पावशा मागं कुठंतरी ओरडतोय. पश्चिमेचं आभाळ तांबूस होतं आणि डोह तांब्याच्या पराती​सारखा चमकायला लागतो.

मग सात वाजायच्या सुमारास बांधाच्या मातीतून पाखरं निघतात.

मी पळत वर जातो. वारुळाच्या कुशीला बोटभर लांबीची भेग पडलीय. भेगेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या डोक्याची वाळवी पहाऱ्याला उभी आहे. मधून एकामागून एक, दाटीवाटीनं, पंखवाली वाळवी बाहेर पडते. ती ओळीत थांबतात, पुढचं उडालं की मागचं सरकतं. पंख चार, सगळे एकाच मापाचे, अंगापेक्षा लांब, भिजल्या कागदासारखे. उडणं अगदी बेताचं. काही वर जातात, काही तिथंच मातीत आपटतात आणि पंख झटकून टाकतात. पंख मुळाशी ठरलेल्या रेषेवर मोडतात. मग पंख टाकलेली नर-मादी एकामागं एक चालत नवं घर शोधायला निघतात. आपण यांना मुंग्या समजतो, पण हे कूळ झुरळांचं आहे. उकाडा, ओल आणि पडलेला वारा अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तेव्हाच यांनी दार उघडलं. शेजारच्या वारुळाचंही आत्ताच उघडलंय. त्याच्या पलीकडच्याचंही.

कोतवाल तुटून पडतात. एक पाखरू वाचलं तर पाच गेली. आणि जी कोतवालाला चुकवून नदीवर जातात, त्यातली कितीतरी पाण्यात पडतात. पंख पसरून, गोल गोल फिरत, धारेबरोबर डोहाकडं.

डोहाला आता उकळी फुटते.

हे मी शब्दशः सांगतोय. पाणी ठिकठिकाणी फुटतं. इथं चुटका, तिथं वर्तुळ, मध्येच शेपटीची थाप. लहान मासोळ्या टिचक्या मारतात. मोठा मासा आवाज करत नाही. त्याचं तोंड पृष्ठभागाला टेकतं, पाखरू नाहीसं होतं आणि पाण्यावर एक गुळगुळीत फुगवटा मागं राहतो. दूर लव्हाळ्याच्या कडेला एकदा धडाड आवाज होतो. “मरळ,” कोणीतरी म्हणतं.

काठावर धावपळ होते. गांडुळांचे गळ भराभरा वर निघतात. पोरं वारुळाकडं पळतात, ओंजळीत पाखरं आणतात. तात्या मात्र सावकाश आहेत. त्यांनी तंगुसाला लावलेला शिशाचा मणी आधी दातानं उघडून काढला. भेंडही काढलं. डोक्याच्या तेलाचा हात तंगुसाच्या शेवटच्या वाव-दीड वावावरून फिरवला, म्हणजे ती बुडणार नाही. डबीतला सगळ्यात बारीक गळ बांधला, धोतराच्या सोग्यानं कोरडा पुसला. मग एक पाखरू, पंखांसकट, पाठीतून हलकेच ओवलं.

काठी मागं जाते, पुढं येते. तंगूस हवेत उलगडते. पाखरू धारेच्या मुखाशी, अगदी बिनआवाजात, पाण्यावर बसतं.

याच घटकेवर जगात एक अख्खी विद्या उभी आहे. थंड मुलखात, जिथं पाणी वीस अंशांच्या आत राहतं, तिथं ट्राउट नावाचा मासा असतो. एप्रिल-मेमध्ये तिकडच्या नद्यांतून मेफ्लायचे थवे निघतात आणि ट्राउट वर येतो. तिथला माणूस आधी काठावर उभा राहून बघतो, आज कोणता किडा निघालाय. मग त्या किड्यासारखी दिसणारी माशी गळावर बांधतो, दोरा आणि पिसं वापरून, कोरडी, तरंगणारी. कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं तिला पाण्यावर उभी धरतात. 1886 साली इंग्लंडात अशा तरंगत्या माश्या बांधण्यावर स्वतंत्र पुस्तक निघालं. साधारण 1900 च्या सुमारास इंग्रजांनी ट्राउट काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला. निलगिरीत अव्हलांचला 1907 मध्ये त्याचं बीज तयार करायचं केंद्र झालं. आपल्याकडची उन्हाळ्यातली नदी त्याला दोन दिवसही सोसणार नाही.

त्या विद्येत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे आणि तो दुःखाचा आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट ठिपके असतात. माशी बांधणाऱ्यांना ते फार हवे असत, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं ही पिसं देशाबाहेर गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आता त्याला हात लावता येत नाही.

तात्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही. पण पाखरू धारेबरोबर जाताना त्यांच्या काठीचं टोक पाखराच्या चालीनंच सरकतं. तंगूस ताणत नाही, फार सैलही पडत नाही.

“दोरीची ओढ बसली की खेळ संपला,” ते पुटपुटतात. “पाखरू पाण्याच्या मर्जीनं गेलं पायजे. मासा सगळं वळखतो.”

पहिल्यांदा पाखरू नुसतंच वाहून जातं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एक फुगवटा त्याच्याखाली येतो, थांबतो, बाजूला होतो. धारेनं दोरी किंचित ओढली होती, मलासुद्धा दिसली. चौथ्यांदा ते तोंड येतं. तात्या लगेच हिसका देत नाहीत. एक श्वास जाऊ देतात आणि मग काठी उचलतात.

मासा हातात येतो. चिलापी, वीतभर. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, 1952 मध्ये भारतात आणला. आता मराठवाड्यातल्या तळ्या-धरणांत जाळं टाकलं की बहुतेक तोच निघतो. तात्या तो पिशवीत टाकतात. पुढच्या अर्ध्या तासात आणखी चार. दोन परत चिलापी, दोन चंदेरी, बारीक खवल्यांचे. शेवटचा जरा मोठा आहे. ते त्याच्या पोटावरून अंगठा फिरवतात. पोट टच्च आहे.

“भरलेली हाय,” ते म्हणतात. वाकून तिला पाण्यात धरतात, डोकं धारेकडं. ती क्षणभर त्यांच्या तळहातात उभी राहते. मग तळहात रिकामा होतो.

शेजारचं पोरगं हळहळतं. तात्या त्याला काही समजावत बसत नाहीत. आपल्या नदीतले बरेच मासे या पहिल्या पुराच्याच भरवशावर असतात. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं गढूळ नवं पाणी लागतं. ते पाणी अजून आलेलं नाही. आठ दिवसांनी येईल, नाहीतर महिन्यानं. तोवर हे डोह म्हणजेच सगळी नदी.

अंधार पडतो तशी उकळी थांबते. अगदी एकदम. शेवटची चार-दोन वर्तुळं, मग पाणी पुन्हा ताटासारखं. काठाला लागलेल्या पाण्यावर पंखांचा थर तरंगतोय, लाखभर तरी असतील. हात बुडवला तर ते मनगटाला चिकटतात. खालच्या अंगाला कुठंतरी ट्रॅक्टर सुरू होतो. दिवे न लावता. फावड्यांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येतो. तात्या तिकडं बघत नाहीत.

“पूर्वी धारेला गुडघाभर वाळू हुती,” ते काठी गुंडाळताना म्हणतात. “आता दगूड लागलाय. वाळू गेली तशी ती नळीवाली अळी कमी झाली. अळी कमी, तर मासा कशावर येणार?”

मी मघाशी पाहिलेली नळी आठवतो. तिचे कण या वाळूतलेच होते.

आम्ही वर येतो. महामार्गाच्या कडेला हॉटेलाचे पांढरे दिवे लागलेत. खाली उभ्या गाड्यांच्या टपांवर, काचांवर, डांबरावर पाखरांचा खच पडलाय. त्यात ती तीन धाग्यांचीही आहेत, बारीक, जवळजवळ पारदर्शक. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडाच्या विशिष्ट धाटणीवरून या किड्यांना पाणी ओळखू येतं. डांबर आणि गाडीची काच तसाच उजेड फेकतात, म्हणून ते त्यांनाच नदी समजून बसतात. माझ्यासमोर एक मादी काळ्या बॉनेटवर पोटाचं टोक टेकवते. पुन्हा टेकवते. अंडी घालतेय. नदी तिच्यापासून दोनशे पावलांवर आहे.

मी हॉटेलवाल्याला मागचा, नदीकडच्या बाजूचा दिवा तासभर बंद ठेवायला सांगतो. तो कारण विचारतो. मी सांगतो. तो क्षणभर माझ्याकडं बघतो, आत जातो आणि बटण दाबतो. मागची बाजू काळी होते. डोळे सरावतात आणि खालचं पाणी पुन्हा दिसायला लागतं.

तात्या पिशवी खांद्याला अडकवून गावाकडं निघालेत. चार मासे, घरात सहा माणसं.

मिरग साधारण 7 जूनच्या आसपास लागतो. त्या आठवड्यात गोदावरीला, दुधनेला, पूर्णेला, तुमच्या गावच्या कोणत्याही नदीला जाणं झालं, तर धारेतला एक दगड उलटून बघा. आणि बघून झालं की तो होता तसाच परत ठेवा, खालचं अंग खाली.